सुपडूभाऊंचं तिकीट

वैजयंतीबाईंच्या हाताला गुण आहे, ही बातमी बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात सुपडूभाऊंनी पसरवली, आणि पसरवताना बाईंना विचारलंसुद्धा नाही. बाई गणिताच्या. रावेरच्या एका शाळेत तीस वर्षं शिकवत आलेल्या. सकाळी गावच्या लालबाग स्टेशनावर गाडी धरायची, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. अप-डाउन करणाऱ्या माणसाला गाडीत बसायला जागा मिळाली तरी भरून पावतं. हातगुणाचा विचार करायला त्याला सवड नसते. पण ही चीजच अशी आहे, की ती आपल्याकडे आहे हे शेजाऱ्यांकडून कळतं, आणि एकदा शेजाऱ्यांनी ठरवलं की मग आपल्या नाही म्हणण्याला कोणी विचारत नाही.

झालं होतं ते एवढंच. अकरा वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी सकाळी समोरच्या घरातले सुपडूभाऊ पन्नासची नोट घेऊन दारात आले. रावेर स्टेशनाबाहेर लॉटरीची टपरी आहे, तिथून महाराष्ट्र सरकारच्या लॉटरीचं एक तिकीट आणा, म्हणाले. बुऱ्हाणपुरात त्यांना तसं तिकीट मिळत नव्हतं, आणि रावेर म्हणजे मध्य प्रदेशची हद्द ओलांडून पलीकडे, महाराष्ट्रात. बाईंनी टपरीवर समोर लटकत होतं ते तिकीट ओढून घेतलं. पुढच्या मंगळवारी त्याला दहा हजार लागले. त्या पैशांत सुपडूभाऊंच्या बायकोचं, मनकर्णावहिनींचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर वहिनी सगळ्यात आधी समोरच्या घरी आल्या आणि त्यांनी बाईंचा उजवा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला. तेव्हापासून दर शुक्रवारी पन्नासची नोट यायला लागली.

सुपडूभाऊंचा स्वतःच्या हातावर मात्र काडीचा भरवसा नव्हता, आणि त्याचं कारण त्यांच्या नावातच होतं. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेलेली. हे जन्मले तेव्हा आईने त्यांना सुपात घातलं, शेजारणीला सव्वा रुपयाला विकलं आणि मागच्या दाराने परत घेतलं. यमाने चौकशी केली तर त्याला वाटावं, हे पोर या घरचं नाहीच. अशी सुपात घातलेली सुपडू तापीच्या दोन्ही काठांना गावोगाव सापडतील. पण या सुपडूभाऊंनी त्यातून स्वतःपुरता एक निष्कर्ष काढून ठेवला होता.

“मी वाचलो ना, मॅडम, तीच माझी लॉटरी,” ते म्हणायचे. “माझ्या नावावर आता वर काही बाकी नई.”

म्हणून तिकिटाला त्यांचा हात लागता कामा नये, त्यांची नजरसुद्धा पडता कामा नये. तिकीट बाईंनी काढायचं, बाईंनी ठेवायचं, निकालही बाईंनीच बघायचा. मंगळवारी संध्याकाळी चहाला येऊन ते फक्त विचारणार, “काय झालं?” बाई म्हणणार, “नाही लागली.” आणि ते बशीत चहा ओतत म्हणणार, “लागंल.”

बाई त्यांना चिडवायच्या. “असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं चाललंय तुमचं.”

“खाटल्यावर द्यायचं तर हरीले पत्ता नको का माहीत?” सुपडूभाऊ म्हणायचे. “तिकीट म्हणजे पत्ता टाकून ठेवला.”

हे सगळं चाललं होतं उषासाठी. उषा त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा पंचविशीची होती, आता पस्तिशी ओलांडलेली. पण बुद्धी सात-आठ वर्षांच्या मुलीएवढीच राहिली. बोलायला गोड, हाताला स्वच्छ. भांडी लख्ख घासायची. गॅस पेटवायला शिकली होती, पण बंद करायचं लक्षात राहायचं नाही. दुकानात पाठवलं की वाटेत जो भेटेल त्याच्याशी गप्पा मारत उभी राहायची आणि कोणी बोट धरून नेलं तर त्याच्याबरोबर चालायला लागायची. एकदा तशी ती तापीवरच्या राजघाटापर्यंत गेली होती. त्या दिवसानंतर मनकर्णावहिनींनी तिला नजरेआड होऊ दिलं नाही. चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या आणि ते काम एकट्या सुपडूभाऊंवर आलं. ते मिलमध्ये होते. मिल बंद पडली, तुटपुंजी पेन्शन राहिली आणि छातीत कापसाची धूळ राहिली.

लॉटरीत पैसे घालणं शहाणपणाचं नाही, हे बाईंनी त्यांना अगदी सुरुवातीलाच समजावून पाहिलं होतं. वहीचं पान फाडून त्यावर मांडून दाखवलं. तिकिटं किती लाख छापतात, बक्षिसं किती, पन्नास रुपये टाकले तर सरासरीने हातात काय येतं. सुपडूभाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं. शिकलेल्या माणसाचं ऐकताना ते डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत असत.

“तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “आता मागच्या बाजूला उषाचं मांडून द्या.”

“उषाचं काय?”

“माझी पेन्शन, हे भाड्याचं घर, आणि मी गेल्यावर तिची तीस-चाळीस वर्षं. कसं बसतं ते दाखवा.”

बाईंनी पान उलटलं, दोन ओळी लिहिल्या आणि पेन्सिल थांबली.

“नई बसत ना?” सुपडूभाऊ शांतपणे म्हणाले. “ज्याचा हिशेब बसतो त्यानं लॉटरी खेळू नये, मॅडम. तो मूरखपना. ज्याचा कसाच बसत नई, त्यानं काय करावं, ते तुमच्या पुस्तकात असंल तर सांगा.”

पुस्तकात ते नव्हतं. बाईंनी पान चुरगाळून टाकलं आणि त्या शुक्रवारची नोट मुकाट्याने पर्समध्ये ठेवली. मनात मात्र त्यांचं मत बदललं नाही. एका गरीब माणसाचे महिन्याचे दोनशे रुपये आपण आपल्या हाताने पाण्यात टाकतो आहोत, असंच त्यांना वाटत राहिलं, आणि दर शुक्रवारी टपरीसमोर उभं राहताना त्यांचा जीव कसनुसा व्हायचा. कारण ही माणसं त्यांना परकी नव्हती. त्यांचे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस त्यांच्या घरी चूल पेटू न देणाऱ्या मनकर्णावहिनीच होत्या, आणि मुलाला, गौरवला, इंदूरला कॉलेजात सोडायला सुपडूभाऊच ट्रंक खांद्यावर घेऊन गेले होते.

दोन वर्षं त्यांनी तिकिटं इमानाने काढली. मग एका शुक्रवारी शाळेत पेपर तपासता तपासता उशीर झाला, गाडीला सात मिनिटं राहिली, त्या धावत सुटल्या आणि टपरीवर थांबल्याच नाहीत. वाघोडा स्टेशन मागे गेलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मंगळवारपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. सुपडूभाऊंनी विचारलं, “काय झालं?” आणि खरं सांगायला उघडलेल्या तोंडातून सवयीने शब्द आले, “नाही लागली.”

“लागंल,” सुपडूभाऊ म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

बाई बघत राहिल्या. काहीसुद्धा कमी झालं नव्हतं. तोच चहा, तेच हसू, पुढच्या मंगळवारची तीच वाट. तिकीट नसताना आशा तेवढीच होती. त्या आठवड्याचे पन्नास रुपये वाचले होते आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. गणिताच्या माणसाला असं काही दिसलं की तो ते सोडू शकत नाही. पुढच्या शुक्रवारी त्यांनी मुद्दाम तिकीट काढलं नाही. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी काढलं नाही. नोटा त्या कपाटातल्या एका डब्यात ठेवू लागल्या, आणि दर मंगळवारी “नाही लागली” म्हणू लागल्या. हे वाक्य खोटं नव्हतं, याचं त्यांना मनातल्या मनात समाधानही होतं. गणिताच्या बाईंना फसवायचं असलं तरी उत्तर बरोबर यावं लागतं.

असं नऊ वर्षं चाललं.

डब्यातल्या पैशांचं त्यांनी स्वतःसाठी काही केलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी सुपडूभाऊंना दम लागून दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा बिल बाईंनी त्या डब्यातून भरलं. घरी आल्यावर सुपडूभाऊ उषाचा हात धरून त्यांच्या दारात आले आणि दोघांनी त्यांना वाकून नमस्कार केला. “तुमचे उपकार या जन्मी फिटणार नईत,” ते म्हणाले. बाईंनी तो नमस्कार घेतला. घेताना आत काहीतरी टोचलं, पण घेतला.

या वर्षी मार्चअखेर बाई निवृत्त होणार होत्या. गौरवने इंदूरला फ्लॅट घेतला होता, आईसाठी बाल्कनीची खोली ठेवली होती आणि सामान न्यायला ट्रकही ठरवून टाकला होता. बाईंनाही जायचं होतं. तीस वर्षं गाडीच्या वेळेवर जगल्यावर आता सकाळी उशिरा उठावं, नातवंडांचे केस विंचरावेत, कोणाला काही समजावून सांगू नये, एवढंच त्यांना हवं होतं. त्यात चूक काय होतं?

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला उषा बोलवायला आली. सुपडूभाऊ खाटेवर उशांना टेकून बसले होते. थंडीपासून त्यांची तब्येत उतरत चालली होती. एक वाक्य बोलायला दोनदा थांबावं लागायचं. त्यांनी बाईंना स्टुलावर बसवलं, उषाला खाली बसवलं, टोपी काढून मांडीवर ठेवली. काहीतरी ठरवून बसलेत हे दिसत होतं.

“तुमी इंदूरले चालल्या,” ते म्हणाले. “मी बी काही लई दिवस नई. म्हणून एक इंतजाम करून ठेवायचा आहे.” उशीखालून त्यांनी एक पाकीट काढलं. “यात वर्षभराच्या तिकिटांचे पैसे आहेत. कोणाले बी रावेरले पाठवा, पैसे कोणाच्या बी हातानं द्या. पण तिकीट तुमच्या हातात आलं पाहिजे, तुमच्यापाशी राहिलं पाहिजे. बस, एवढं कबूल करा.”

मग ते उषाकडे वळले.

“उषे, ऐक. मी नसलो का भ्यायचं नई. मॅडमपाशी तुझं तिकीट आहे. ते लागलं का मॅडम तुले चांगल्या घरी ठेवतील. जेवाले मिळंल, कोणी मारणार नई. कळलं?”

“हाव,” उषा म्हणाली. मग तिने बाईंकडे बघितलं. “आता आहे माझं तिकीट तुमच्यापाशी?”

“आहे ना,” सुपडूभाऊंनीच उत्तर दिलं. “परवाच काढलं असंल.”

“मले पाहू द्या.”

सुपडूभाऊ हसले. “पाहू द्या तिले, मॅडम. तिची नजर चांगली आहे, तिनं पाहिलं तर चालतं. घरून घेऊन या. मी डोळे मिटून बसतो.”

आणि त्यांनी खरंच डोळे मिटून घेतले. नीट, घट्ट, लहान मुलं लपाछपीत मिटतात तसे.

बाईंना उठून घरी जाता आलं असतं. सापडत नाही म्हणता आलं असतं. रावेरला शाळेतल्या टेबलात राहिलं म्हणता आलं असतं. नऊ वर्षं एवढं निभावलं, तर आणखी थोडं निभलं असतं. पण समोरचा माणूस जाताना मुलीला एकच गोष्ट देऊन चालला होता, आणि ती गोष्ट नव्हतीच. ते आता त्यांच्याने बघवेना.

“तिकीट नाही, सुपडूभाऊ,” त्या म्हणाल्या.

“या आठवड्यात राहिलं का?”

“या आठवड्यात नाही. मागच्याही नाही. मी तिकीट काढतच नाही.”

सुपडूभाऊंनी डोळे उघडले नाहीत. बाईंना वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मग मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, “कधीपासून?”

“नऊ वर्षं झाली.”

उषा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. बाई बोलत सुटल्या. पैसे वाया जात होते म्हणून केलं, एकही रुपया खाल्ला नाही, सगळे जपून ठेवले होते, दवाखान्याचं बिल त्यातूनच भरलं. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपण शाळेत चूक पकडली गेलेल्या मुलांसारखं भराभर बोलतो आहोत. त्या थांबल्या.

सुपडूभाऊंनी डोळे उघडले. “मतलब, मी माझ्याच पैशाले हात जोडले.”

बाईंनी मान खाली घातली.

“नऊ वर्षं,” ते हळूहळू म्हणाले, “मी माझ्या नशिबाले शिव्या दिल्या. मनकर्णा मेली तरी म्हणलो, नशीबच खोटं. दर मंगळवारी म्हणलो. त्याले तर कोणी इचारलंच नव्हतं.”

बाई बोलल्या, कारण त्यांच्याकडे तेवढं एकच उरलं होतं. “ती लागलीच नसती, सुपडूभाऊ. तुम्हाला मी मांडून दाखवलं होतं. लाखांत एक.”

“लागली नसती हे कसं सांगता?” सुपडूभाऊंचा आवाज चढला नव्हता. ते खरंच विचारत होते. “नंबर कोणता व्हता?”

नंबर नव्हता. न काढलेल्या तिकिटाला नंबर नसतो, आणि जे नाही ते हरलं असं कोणाला म्हणता येत नाही. “नाही लागली” हे आपलं वाक्य या नऊ वर्षांत एकदाही खरं नव्हतं, हे बाईंना त्या क्षणी कळलं. लाखांत एक ही गोष्ट फार लहान असते, पण ती शून्य नसते, असं त्या तीस वर्षं फळ्यावर लिहून दाखवत आल्या होत्या. वर्गात पोरं कंटाळून जांभया देत असत. त्यांना स्वतःलाच ते आज समजलं.

सुपडूभाऊ थोडा वेळ श्वास गोळा करत बसले. मग म्हणाले, “आमच्या मिलच्या गेटवर कडू म्हणून एक व्हता. सट्ट्याचे आकडे घ्यायचा. मजुरांचे पैसे घेऊन पुढं मोठ्या गादीवर लावायचे, असं त्याचं काम. पण त्यानं पाहिलं, या लोकांचे आकडे काही लागत नईत. मग कायले पुढं लावायचे? तो आकडे सोताच खायला लागला, पैसे सोतापाशीच ठेवायचा. खाईवाल झाला.” त्यांना खोकला आला. उषाने उठून पाणी दिलं. “एक दिवस एका बाईचा आकडा लागला. आठ आण्याचे केवढे तरी झाले. कोणाले माहीतच नव्हतं का त्यानं लावले नव्हते; तो पळून गेला असता. नई गेला. घर विकलं अन् दिले. मी त्याले इचारलं, तर म्हणला, आकडा खाल्ला तर लागल्यावर द्यावा लागतो.”

बाई वाट बघत राहिल्या. त्यांना वाटलं, आता ते काहीतरी मागतील.

“आता जा तुमी,” सुपडूभाऊ म्हणाले. “मले दम लागला. उषे, मॅडमले दारापर्यंत सोड.”

घरी आल्यावर बाईंना आधी राग आला. सट्टेवाल्याशी माझी बरोबरी करतात, ज्यांच्यासाठी मी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या ते. मग राग आला याची लाज वाटली. पण खाई त्याला खवखवे म्हणतात. त्यांना काही केल्या ती गोष्ट डोक्यातून काढता येईना.

मंगळवारी सुपडूभाऊ चहाला आले नाहीत. शुक्रवारी नोट आली नाही. त्या संध्याकाळी रावेर स्टेशनाबाहेर बाई टपरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. दोरीला तिकिटं लटकत होती, पर्स उघडून हात पुढे करायचा अवकाश. पण आज काढलेलं तिकीट मागच्या शुक्रवारचं होत नाही. नऊ वर्षांतले सगळे शुक्रवार येऊन गेले होते, त्यांची तिकिटं आता कोणत्याही टपरीवर मिळणार नव्हती. त्या तशाच गाडीत जाऊन बसल्या.

त्यानंतर त्या रोज समोर डाळ-भाजी पोचवत राहिल्या. सुपडूभाऊ म्हणायचे, “ठेवा,” आणि बाप-लेक जेवायचे. भांडण नव्हतं. अबोलाही नव्हता. फक्त पूर्वी ते बाईंशी बोलताना टोपी काढायचे, ती आता डोक्यावरच राहायची. बाईंना ते फार लागलं.

महिना संपायला दहा-बारा दिवस असताना सुपडूभाऊ गेले. सकाळी उषाच हाका मारत आली. बाई पोचल्या तेव्हा ते शुद्धीवर होते. त्यांनी बाईंकडे बघितलं, मग उषाकडे, आणि पुन्हा बाईंकडे. काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बाईंना कदाचित नाहीसुद्धा म्हणता आलं असतं.

अग्नी द्यायला फोपनार गावचा पुतण्या आला, शालिग्राम. केळीची बाग सांभाळणारा, सरळ मनाचा माणूस. दहावं झाल्यावर तो बाईंच्या घरी येऊन बसला. त्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, बायको एकटीच करणारी. “मी उषाले नेलं असतं, मॅडम,” तो म्हणाला, “पण दिवसभर मी बागेत, बायको आईपाशी. ही बाहेर निघून गेली तर कोण पाहील? खंडव्याकडे कोणती तरी संस्था आहे म्हणतात. चौकशी करतो.” एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरून आले होते. त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं.

उषा बाईंच्या उंबऱ्यावर बसून ते ऐकत होती. संस्था म्हणजे काय हे तिला कळलं नसावं. शालिग्राम गेल्यावर ती आत आली, खोक्यांकडे बघत उभी राहिली. घरभर खोकी बांधून ठेवलेली होती. बाई कालच निवृत्त झाल्या होत्या आणि ट्रक उद्या सकाळी येणार होता.

“तुमी बी चालल्या?” तिने विचारलं.

बाईंनी तिला जवळ बसवलं आणि तिचे विस्कटलेले केस विंचरायला घेतले. दहा दिवसांत कोणी फणी लावली नव्हती. गुंता सोडवता सोडवता बाईंच्या मनात आकडे फिरत होते. त्या अठ्ठावन्न, ही छत्तीस. त्या किती दिवस पुरतील, पेन्शन किती पुरेल, नंतर काय. हा हिशेब त्यांनाही बसेना. इंदूरच्या बाल्कनीची खोली डोळ्यांपुढे आली, नातवंडं आली, आणि त्यांना आपली स्वतःची फार कीव आली. त्या थोडा वेळ रडल्या. उषाने मान न वळवता विचारलं, “लई गुंता आहे का?”

तेवढ्यात गौरवचा फोन आला.

“मम्मी, ट्रकवाला सुबह सात बजे पोचतोय. सगळं पॅक झालं ना? फाइनल?”

“त्याला नको म्हणून सांग,” बाई म्हणाल्या. “मी येत नाही.”

“मतलब? अचानक क्या हो गया?”

“सुपडूकाकांची लॉटरी लागली.”

पलीकडून गौरव हसल्यासारखं बोलला, “सच में? काका गेल्यावर? कितनी की लगी?”

“ते आत्ता सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या. “उषा किती वर्षं जगते त्यावर आहे. द्यायची मला आहे.”